एक सुवर्णपदक भागिले पावणेनऊ लाख

फक्त २० मिनिटं! २०१३ साली फिजीच्या रग्बी सेव्हन्स संघाचं प्रशिक्षकपद समोर आलं, तेव्हा हो की नाही हे ठरवायला बेन रायन यांना एवढाच वेळ मिळाला. केंब्रिज विद्यापीठाकडून खेळलेला हा माणूस आधी न्यूबरी क्लबचा प्रशिक्षक होता आणि २००७पासून सहा वर्षं त्याने इंग्लंडचा सेव्हन्स संघ सांभाळला होता. आता जायचं होतं लंडनहून सोळा हजार किलोमीटर लांब. केवढं हे अंतर! मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा आणि शंभर वेळा कापा. तरी फिजी अजून हजार किलोमीटर पुढेच! रायन हो म्हणाले. तिथे पोहोचले, तर रग्बी संघटनेच्या तिजोरीत खडखडाट. पहिले काही महिने पगारच नाही!

आणि हा देश तरी केवढा? २०१७च्या जनगणनेत फिजीची लोकसंख्या भरली ८,८४,८८७. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची २०११मध्ये होती ८,४९,६५१. म्हणजे एका सिंधुदुर्गाएवढा देश! मुंबईची बारा डब्यांची लोकल ऐन गर्दीत पाच हजार माणसं नेते. त्या हिशेबाने अख्खा फिजी १७७ लोकलमध्ये बसतो आणि मुंबईत दिवसाला तीन हजारांवर फेऱ्या होतात. म्हणजे दीडेक तासात मुंबई सगळा देश हलवून मोकळी! आणि ऑलिंपिकचा सेव्हन्स संघ किती जणांचा? बाराच. डब्यामागे एक खेळाडू!

आता मैदानात उतरू. सेव्हन्समध्ये मैदान पूर्ण आकाराचंच असतं, साधारण १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. पण माणसं एका बाजूला फक्त सात. सात हजार चौरस मीटर भागिले चौदा, म्हणजे माणशी पाचशे चौरस मीटर. म्हणजेच पाच गुंठे! प्रत्येकाने पाच गुंठे राखायचे, तेही वाऱ्यासारखं धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापासून. सामना चौदा मिनिटांचा. दादरला जलद लोकल पकडा, अंधेरी येता येता निकाल लागलेला असतो.

एवढं धावायचं तर फुप्फुसं कसली हवीत! रायन यांनी पोरांना सिंगाटोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर पळवलं. या टेकड्या साठ मीटरपर्यंत उंच आहेत. चाळीस फुटी विहीर डोळ्यांसमोर आणा, तशा पाच एकीवर एक रचा, म्हणजे ती उंची येईल. पाच विहिरींची चढण, पाय रुतवणारी वाळू आणि डोक्यावर दक्षिण पॅसिफिकचं ऊन. एकदा चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं! फळ मिळालं. २०१४-१५ची जागतिक मालिका फिजीने जिंकली.

मग २० फेब्रुवारी २०१६ रोजी विन्स्टन चक्रीवादळ आलं. वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या घरात. डेक्कन क्वीनला मुंबईहून पुण्याला पोहोचायला तीन तासांवर वेळ लागतो, तो १९२ किलोमीटरचा लोहमार्ग या वाऱ्याने ४१ मिनिटांत कापला असता. ४४ माणसं गेली. सुमारे चाळीस हजार घरं मोडली, पडली. आणि त्यानंतर पंधराव्या दिवशी, ६ मार्चला, याच देशाच्या पोरांनी लास वेगासची स्पर्धा जिंकली! पंधराव्या दिवशी! त्या मोसमाची जागतिक मालिकाही त्यांचीच, सलग दुसरी.

आता त्याच वर्षीचं रिओ ऑलिंपिक. ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका, न्यूझीलंड, जपान, एकेक करून सगळे पडले. या पाच सामन्यांचा खेळ मिळून ७० मिनिटं. पंधराजणी रग्बीचा एकच सामना ८० मिनिटं चालतो! अंतिम फेरीत समोर ग्रेट ब्रिटन. त्यातले काही तर रायन यांच्याच हाताखाली इंग्लंडकडून खेळलेले. मध्यंतराला २९-०. शेवटी ४३-७. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की ट्राय. एका ट्रायला पाच गुण, असे सात ट्राय! सहा सामन्यांत मिळून १६० गुण! १९५६पासून ऑलिंपिकला येणाऱ्या फिजीचं साठ वर्षांतलं हे पहिलंच पदक आणि तेही सोन्याचं.

देशाने प्रशिक्षकाला काय द्यावं? तीन एकर जमीन, म्हणजे १२० गुंठे. पाचशे चौरस फुटांचे २६१ फ्लॅट जमिनीवर शेजारी शेजारी मांडता येतील एवढी! वर एक सरदारी नाव. वर सात डॉलरची खास नोट, तेव्हाच्या आपल्या दोनशेहून थोड्या जास्त रुपयांची, आणि तिच्यावर रायन यांची छबी!

पण खरा आकडा अजून पुढेच आहे. फिजीत पावणेनऊ लाख माणसांमागे एक सुवर्ण आलं. हेच प्रमाण भारताच्या तेव्हाच्या १३० कोटींना लावू. उत्तर येतं १,४६९ सुवर्णपदकं! रिओत एकूण स्पर्धाच होत्या ३०६. धावणं, पोहणं, कुस्ती, नेमबाजी, सगळं भारताने जिंकलं तरी ३०६च. पुढेही दर वेळी ३०६च स्पर्धा धरू. पुढच्या ऑलिंपिकलाही सगळं जिंकलं, ६१२. तिसऱ्यालाही, ९१८. चौथ्यालाही, १,२२४. चार ऑलिंपिकं आपण सगळ्या जगाला एकही सुवर्ण मिळू दिलं नाही, तरीही पाचव्या वेळी आणखी २४५ सुवर्णं जिंकायचीच आहेत. तेव्हा कुठे सिंधुदुर्गाएवढ्या त्या देशाच्या एका संध्याकाळची बरोबरी होईल!