नवा डेस्कटॉप: भीती भलत्याच गोष्टींची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि टेबलाखाली वर्षानुवर्षं निमूट चालणारा काळा टॉवर पुण्यातल्या घराघरांत एकदम चर्चेचा विषय झाला. सदाशिव-नारायण पेठेतली डीटीपीची दुकानं, सोसायट्यांची ऑफिसं, शिकवणीवर्ग, कुलवृत्तांताचं काम घेऊन बसलेले निवृत्त काका, सगळ्यांचा प्रश्न एकच: आता काय घ्यायचं? विंडोज ११ चा नवा टॉवर, तळहातावर मावेल असा मिनी पीसी, मॅक मिनी, की आहे त्याच यंत्रावर लिनक्स?

ओळखीपाळखीत असे बदल करून देताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. लोक ज्याला घाबरतात ते बहुतेकदा सोपं निघतं, आणि जिथे खरोखर अडतं तिकडे कुणाचं लक्षच नसतं. म्हणून हे गैरसमज जरा तपशिलात जाऊन तपासायला हवेत.

“विंडोज १० संपलं, म्हणजे संगणक भंगारात”

संपला तो सपोर्ट. यंत्र काल चालत होतं तसंच आजही चालतं. फक्त सुरक्षेतल्या नव्या त्रुटींवरची दुरुस्ती आपोआप येणं बंद झालं. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेट घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. नोंदणी न करता त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार करत राहणं मात्र शहाणपणाचं नाही.

विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, सिक्युअर बूट लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. इथे एक गंमत नेहमी घडते. “तुमच्या मशीनमध्ये टीपीएम नाही” असं ऐकून लोक नवा संगणक घेऊन मोकळे होतात. प्रत्यक्षात अनेक मदरबोर्डांवर ही सोय असते, बायोसमध्ये ती फक्त बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी या नावाने सापडते, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने. विंडोजमध्ये ‘रन’च्या चौकटीत tpm.msc असं टाइप केलं की काय स्थिती आहे ते समोर येतं. तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास खरेदीला जाण्याआधी एवढं घरच्या घरी बघावं.

आणि प्रोसेसर चौथ्या पिढीचा निघाला तर? तर विंडोज ११ चा नाद सोडा. आडवाटेने ते बसवता येतं, पण पुढच्या अपडेटची हमी कुणी देत नाही. त्याच यंत्रात जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा आणि लिनक्स मिंट बसवा. मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पत्रव्यवहार, हिशेब, व्हिडिओ, व्हिडिओ कॉल एवढंच काम असणाऱ्या घराला हा संगणक आणखी काही वर्षं पुरतो.

“विंडोज सोडलं की मराठी सुटलं”

हा गैरसमज पुण्यात तरी असू नये, कारण संगणकावरच्या मराठीचं बरंचसं काम याच शहरात झालं. सीडॅकची स्थापना पुण्यात १९८८ मध्ये झाली. लोकांना ती आठवते ‘परम’ महासंगणकामुळे. पण आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं जिस्ट तंत्रज्ञान सीडॅकमध्येच पुढे वाढलं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. ‘श्री-लिपी’ बनवणारी मॉड्यूलर इन्फोटेक पुण्याचीच. लिनक्सवर वर्षानुवर्षं वापरात असलेले ‘लोहित’ फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या चमूने सांभाळले आणि सुधारले. आणि मॅक उघडून फॉन्टची यादी पाहिलीत तर तिथे ‘श्री देवनागरी ७१४’ दिसेल. तोही मॉड्यूलरचा. ॲपलच्या पेटीत पुण्याचा फॉन्ट आधीच बसलेला आहे, आणि तो वापरणाऱ्या अनेक पुणेकरांना याचा पत्ता नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

टायपिंगचं म्हणाल तर इनस्क्रिप्ट हा कळफलक विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हीकडे मिळतो आणि मुख्य अक्षरं तिन्हीकडे एकाच जागी असतात. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. के दाबलं की क, शिफ्टबरोबर के दाबलं की ख. जे म्हणजे र, शिफ्ट-जे म्हणजे ऱ. एन म्हणजे ल, शिफ्ट-एन म्हणजे ळ. थोडे दिवस सराव केला की बोटं आपोआप वळतात, आणि उद्या कुठलाही संगणक समोर आला तरी पुन्हा शिकावं लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की नव्या यंत्राबरोबर काही नवं शिकायचंच असेल तर आधी हे शिकावं.

इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असलेल्यांचंही अडत नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ कळफलक विंडोजमध्येच आला आहे. लिनक्सवर आयबस आणि एम-१७-एन ही दोन पॅकेजं बसवली की ‘गमभन’सकट अनेक पद्धती यादीत येतात, आणि टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांसाठी त्या धाटणीचा कळफलकही त्यातच असतो.

एक बारीक गोष्ट मात्र नव्या संगणकावर हमखास खटकते. ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठीची प्रमाणित वर्णमाला ठरवली, त्यात या दोन्ही अक्षरांची आपली मराठी वळणं आहेत. लोक समजतात फॉन्ट वाईट आहे, आणि दुसरा शोधत बसतात. खरं तर ‘नोटो’सारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि कोणतं दाखवायचं हे मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरतं. लिबरऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा हिंदीऐवजी मराठी केली की डोळ्यांसमोर ल आणि श बदलतात. फॉन्ट तोच, आकार आपले.

“जुन्या फायली कॉपी केल्या की झालं”

खरी अडचण इथे आहे, आणि इथे लोक निर्धास्त असतात.

फायली कॉपी होतात, उघडतातही. पण २००० च्या आसपास केलेली एखाद्या मंडळाची स्मरणिका किंवा लेखसंग्रह नव्या यंत्रावर उघडला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि विरामचिन्हं यांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. त्या काळी श्री-लिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवले होते. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच होता. फॉन्टने वरून मराठी रूप दिलं होतं. फॉन्ट गेला की रूप गेलं.

‘मग नव्या संगणकावर तोच फॉन्ट टाकू’ असं म्हणून तात्पुरतं भागतं. वाचता येतं, छापता येतं. पण तो मजकूर शोधता येत नाही, मोबाइलवर पाठवता येत नाही, आणि वेबसाइटवर टाकला तर बाकीच्यांना पुन्हा ती इंग्रजी रांगच दिसते. कायमचा उपाय एकच: मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणं. त्यासाठी प्रत्येक फॉन्ट-कुटुंबाचे वेगवेगळे कन्व्हर्टर मिळतात. आकृतीचा कन्व्हर्टर शिवाजीला चालत नाही. म्हणून आधी फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते जुन्या संगणकावरच नोंदवून ठेवायला हवं.

रूपांतरानंतर चुका का राहतात हेही समजून घ्यावं. जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसण्याच्या क्रमाने साठवली जात. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी आधी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे आधी क, मग वेलांटी. ‘वर्ष’मधला रफार जुन्या फॉन्टात ष नंतर यायचा, युनिकोडमध्ये तो ष च्या आधी र् म्हणून येतो. कन्व्हर्टरला प्रत्येक शब्दात ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षरं दाटली की तो चुकतो. त्यामुळे वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं यांवर नजर ठेवून एकदा मुद्रितशोधन करण्याला पर्याय नाही.

त्यातही ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ हे शब्द विशेष तपासा. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ऱ ला हलन्त लावून. दुसरी, साध्या र ला हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण एका रीतीने लिहिलेला शब्द शोधला तर दुसऱ्या रीतीचा सापडेलच असं नाही. चारशे पानांच्या पुस्तकात सूची करताना हा फरक चांगलाच महागात पडतो. रूपांतर झाल्या झाल्या ‘फाइंड अँड रिप्लेस’ने सगळीकडे एकच रीत करून टाकावी.

पेजमेकरच्या फायली असतील तर घाई जास्त करा. पेजमेकरची ७.० ही शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड कळत नाही. इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडत, नंतरच्या उघडत नाहीत. म्हणजे त्या मांडणीपर्यंत पोहोचण्याची वाट जुन्या यंत्रातूनच जाते. ते यंत्र चालू आहे तोवर प्रत्येक फाइलमधला मजकूर बाहेर काढून ठेवा आणि पानांची पीडीएफही करून ठेवा.

“एवढ्याशा डब्यात काय दम असणार?”

आकारावरून ताकद जोखायचे दिवस गेले. २०२४ च्या अखेरीस आलेला एम ४ मॅक मिनी लांबी-रुंदीला जेमतेम पावणेतेरा सेंटीमीटर आहे, आणि डीटीपी, फोटो, घरगुती व्हिडिओ-संपादन ही कामं तो आरामात करतो. बसल्या बसल्या वीजही अगदी थोडी खातो, त्यामुळे लहान यूपीएसवरही निभावतं.

त्याच्या मर्यादा वेगळ्या आहेत, आणि त्या खरेदीआधी माहीत हव्यात. रॅम चिपवरच असते. ‘आत्ता कमी घेऊ, पुढे वाढवू’ हे टॉवरचं गणित इथे चालत नाही. मूळ यंत्रात १६ जीबी असते, बहुतेकांना तेवढी पुरते. मागेपुढे यूएसबी-सीची भोकं आहेत, नेहमीचं चौकोनी यूएसबी एकही नाही. जुना कीबोर्ड, पेनड्राइव्ह, डिजिटल सहीचा टोकन, सगळ्यांना अडॅप्टर लागतो. शिवाय विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली बाहेरची हार्ड डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे वापरायची असेल तर डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी, अर्थात आतला मजकूर आधी दुसरीकडे हलवून. लिनक्सला एनटीएफएसचं वावडं नाही.

“लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिणं”

रोजच्या कामाला ती गरज पडत नाही. मिंटमध्ये खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, फोल्डर, कचरापेटी सगळं ओळखीच्या जागी आहे. मुख्य म्हणजे विकत काही न घेता आणि काही न पुसता ते पाहता येतं. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट चढवा, संगणक त्यावरून सुरू करा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, हे अर्ध्या तासात कळतं. पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, जुनं विंडोज जागच्या जागी आहे. ‘इन्स्टॉल’चं चिन्ह मात्र बॅकअप घेतल्याशिवाय दाबू नका.

“हल्ली सगळं ब्राउझरमध्येच चालतं”

बरंचसं चालतं. बँक, प्राप्तिकर, जीएसटी, रेल्वेची तिकिटं, सगळं. अडतं ते ब्राउझरच्या बाहेर हात पोहोचवणाऱ्या गोष्टींवर. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनला ड्रायव्हर लागतो आणि सही करणारं छोटं सॉफ्टवेअर लागतं. बऱ्याच कार्यालयांत ते विंडोजवरच बिनतक्रार चालतं. टॅली मुळात विंडोजसाठी आहे. कोरलड्रॉ मॅकवर मिळतं, लिनक्सवर नाही. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचा व्यवसाय करणाऱ्याने म्हणूनच लिनक्सच्या वाटेला जाऊ नये असं मी सांगतो. श्री-लिपीच्या काही जुन्या प्रतींना हार्डवेअर लॉक लागतं, ते नव्या यंत्रात बसेलच असं नाही. आणि प्रिंटर! दहा-पंधरा वर्षांचा दणकट लेझर प्रिंटर विंडोजवर छान चालतो, पण मॅकसाठी त्याचा ड्रायव्हर कंपनीने कधीच बंद केलेला असतो. या यादीतली एखादी जरी वस्तू तुमच्या पोटापाण्याची असेल तर विंडोज ११ चा मिनी पीसी घ्या आणि मन शांत ठेवा.

लिनक्सला आणि मॅकला व्हायरस येतच नाही, हेही खरं नाही. कमी येतात एवढंच. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हील उभी राहिली तेव्हा व्हायरस फ्लॉपीतून यायचा. आज फसवणूक फोनवरून आणि खोट्या लिंकवरून येते. ओटीपी तुम्हीच सांगितलात तर कुठलीही प्रणाली वाचवू शकत नाही.

नवा संगणक लागल्यावर जुना लगेच पुसू नका. त्याचं इंटरनेट काढून टाका आणि फॉन्टच्या जुन्या फायली संपेपर्यंत त्याला फक्त रूपांतराच्या कामाला ठेवा. ते काम झाल्यावर हार्ड डिस्क बाहेर काढून घ्या, कारण डिलीट केलेल्या फायली साध्या सॉफ्टवेअरनेही परत मिळवता येतात. उरलेला डबा रद्दीवाल्याला वजनावर देऊ नका. ‘स्वच्छ’ संस्थेचे कचरावेचक पुण्यात ई-कचरा वेगळा गोळा करतात, त्यांच्याकडे सोपवा. आणि मॉनिटर चांगला असेल तर तो अजिबात देऊ नका. एचडीएमआयची एक वायर आणली की नव्या यंत्राला तोच चालतो.