कपाटातली सीडी आणि आजीचे बारा सेकंद

तुमच्या घरातल्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली नाहीतर सातबाऱ्याच्या पिशवीत, एक चकती नक्की सापडेल. वर मार्करनं लिहिलेलं असतं, 'शुभविवाह, भाग १'. आज घरी गेल्यावर शोधा. भाग २ कुठंय तेही विचारा, तो बहुतेक मामाकडं असतो.

आमच्या घरातली सीडी २००३ ची आहे. काकाचं लग्न, मांडव दारातच. हळदीच्या वेळी आजी गाणं म्हणते, बरोबर बारा सेकंद. मग शूटिंगवाल्यानं आजीच्या आवाजावर सिनेमातलं गाणं टाकलंय. मूळ कॅसेट विचारली तर कळलं, तिच्यावर पुढच्या सीझनला दुसरं लग्न शूट झालं. आजी आता नाही. तिचा आवाज एवढाच.

आणि मी काय केलं? सीडी टीव्हीवर लावली, टीव्हीसमोर मोबाईल धरला आणि शूट केलं. ते व्हॉट्सअॅपवर पुण्याच्या भावाला पाठवलं. त्यानं पुढं-मागं फोटो जोडून परत व्हॉट्सअॅपवर पाठवलं. मग मी स्टेटससाठी ते उभं कापलं. शेवटी काय उरलं? नथीच्या जागी एक पिवळा चौकोन, आणि आजी विहिरीच्या तळातून गातेय असा आवाज.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नोट्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढता ना? चौथ्या प्रतीत काना-मात्रा गायब. व्हिडिओचं अगदी तसंच आहे. फाईल दरवेळी 'कन्व्हर्ट' किंवा 'एक्स्पोर्ट' होते तेव्हा सॉफ्टवेअर तिला दाबून लहान करतं आणि डोळ्याला सहज कळणार नाही असं वाटतं ते टाकून देतं. एकदा टाकलेलं परत येत नाही. म्हणून मूळ फाईल आधी जशीच्या तशी उतरवून ठेवायची आणि काम तिच्या प्रतीवर करायचं.

लॅपटॉपला सीडी घालायची जागा नाही, हे माहितेय. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, नाहीतर कॉलेजच्या लॅबमधला जुना पीसी बघा. सीडी उघडली की 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर दिसेल, त्यात '.डॅट' फाईल. तीच तुमची शूटिंग. डीव्हीडी असेल तर 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर आणि आत साधारण एकेक जीबीचे '.व्हीओबी' तुकडे. अख्खं फोल्डर कॉपी करा. मध्येच अडकलं तर मऊ कापडानं मधल्या भोकापासून कडेकडं सरळ पुसा, गोल गोल नाही. तरीही नाही वाचलं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, कधीकधी तिथं वाचतं. पण उशीर नको. आपण राइट केलेल्या सीडीत रंगाचा थर असतो आणि तो ऊन-उष्णतेनं खराब होतो. आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याचं घर, पुढचं काय सांगू.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुद्दा. एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही हे नुसते डबे आहेत. आतली भाजी वेगळी, तिला कोडेक म्हणतात: एच.२६४, एचईव्हीसी, एमपीईजी-२ वगैरे. म्हणूनच दोन्ही फाईली एमपी४ असून एक उघडते आणि एक उघडत नाही. फाईलचं नाव बदलणं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणं. व्हीसीडीच्या '.डॅट'ला '.एमपीजी' केलं की बरेचदा चालतं, कारण आत आधीपासूनच एमपीईजी-१ असतं. भाजी तीच ठेवून डबा बदलता येतो, त्यात दर्जा अजिबात जात नाही. फाईल नेमकी कशाची आहे ते व्हीएलसीमध्ये 'कोडेक इन्फॉर्मेशन' उघडून बघा.

एडिटिंगसाठी विंडोज मूव्ही मेकर शोधत बसू नका, कंपनीनं तो २०१७ मध्ये बंद केला. शॉटकट आणि केडेनलाईव्ह फुकट आहेत. जुनी फाईल तिथं अडली तरच हँडब्रेक वापरा, तोही फुकट. त्यात क्वालिटीचा आकडा असतो, 'आरएफ'. तो जितका कमी तितका दर्जा जास्त, आणि फाईल मोठी. जुन्या लग्नाला मी १८ ठेवतो. डीव्हीडीतल्या चित्रात हलणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दात दिसत असतील तर 'डीइंटरलेस' चालू करा. जुनी शूटिंग अर्ध्या-अर्ध्या ओळींत, सेकंदाला ५० वेळा साठवलेली असते, म्हणून ते दात येतात.

मोबाईलची दुखणी वेगळी. हिंगोलीचा दसरा किंवा औंढ्याची महाशिवरात्रीची गर्दी तुम्ही वीस मिनिटं शूट करता. लॅपटॉपवर घेतल्यावर सुरुवातीला सगळं ठीक, शेवटी ढोल आधी वाजतो आणि टिपरू नंतर पडतं. का? मोबाईल उजेडाप्रमाणं सेकंदाच्या फ्रेम कमी-जास्त करतो, एडिटरला त्या एकसारख्या लागतात. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा. त्यातले 'प्रॉडक्शन' नावाचे प्रीसेट खास एडिटिंगसाठीच आहेत. फाईल जड होते, पण काम झालं की ती उडवायचीच असते. शॉटकट तर अशी फाईल दिसली की स्वतःच विचारतं, बदलून देऊ का म्हणून. हो म्हणा.

मग येतो एक्स्पोर्ट. व्हीसीडीचं चित्र ३५२ × २८८ ठिपक्यांचं. फुल एचडीत त्याच्या वीसपट ठिपके असतात. म्हणून काही पोरं लग्नाची सीडी थेट '४के'त काढतात! अरे, गोळा तेवढाच आहे, भाकरी कितीही थापली तरी पीठ वाढत नाही. नुसती फाईल फुगते. एच.२६४ चा एमपी४ काढा, घरच्या टीव्हीपासून आत्याच्या मोबाईलपर्यंत कुठंही चालतो.

दोन गोष्टी खास आपल्यासाठी. एक, लाईट. एमपी४ची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. ९८ टक्क्यांवर लाईट गेली आणि पीसी बंद पडला की सगळी फाईल मुकी. एमकेव्हीत काढली तर झालं तेवढं बहुतेक वाचतं, डबा नंतर बदलता येतो. दुसरी, ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असून पाच जीबीची फाईल 'मोठी आहे' म्हणून परत येते. पेनड्राइव्ह खराब नाही. तो 'फॅट३२'मध्ये फॉरमॅट केलेला असतो आणि तिथं एक फाईल चार जीबीच्या पुढं जात नाही. 'एक्सफॅट' करा, आधी आतला माल दुसरीकडं हलवून. मात्र काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, त्यांच्यासाठी फाईलचे दोन भाग करा.

आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. दोन जीबीपर्यंत जातं आणि दाबलं जात नाही. यूट्यूबवर टाकणार असाल तर सीडीतल्या सिनेमाच्या गाण्यावर हक्काचा दावा येऊ शकतो, तेव्हा दचकू नका.

आमच्या सीडीचं सांगायचं राहिलं. भावाच्या पीसीत ती ४१ व्या मिनिटाला अडकली ती अडकलीच. त्यापुढचे वरातीचे सगळे सीन गेले. काकू अजून नाराज आहे. आजी ३८ व्या मिनिटाला येते. ती फाईल आता तीन ठिकाणी आहे, एक प्रत मामाकडं. भाग २ आणायला गेलो तेव्हाच देऊन आलो.