‘तोडण्याचे’ कबूल आणि ‘घेतल्याचे’ कबूल

धुळे-सोलापूर महामार्गावर, बीडच्या दक्षिणेस, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात मांजरसुंबा आहे. तेथून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता फुटतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास या परिसरातील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या वाटेला लागतात. गाडीत बिऱ्हाड चढण्याच्या कित्येक दिवस आधी मुकादमापुढे एक शब्द उच्चारला गेलेला असतो : ‘कबूल’.

शब्द अरबी, मूळ अर्थ स्वीकार. निकाहात तो संमती दर्शवितो, न्यायालयात अपराधाची मान्यता. मराठीने दोन्ही अर्थ ठेवून घेतले आणि त्यांतील भेद कृदन्ताच्या हवाली केला. ‘त्याने पैसे देण्याचे कबूल केले’ यात वचन आहे; ‘त्याने पैसे घेतल्याचे कबूल केले’ यात कबुली. ‘ण्याचे’ पुढे पाहते, ‘ल्याचे’ मागे. क्रियापद तेच, पण एक माणूस शब्द देत असतो, दुसरा पकडला गेलेला असतो.

उचल घेणाऱ्या मजुराच्या तोंडी मात्र हे दोन्ही अर्थ एकदमच येतात. उचल घेतल्याचे कबूल, ऊस तोडण्याचेही कबूल. हंगामात आजारपण आले, उचल फिटली नाही, की मागचे देणे मान्य आहे म्हणजे पुढच्या वर्षी कामावर येणेही मान्य आहे, असे गृहीत धरले जाते. कबुलीतून संमती काढण्याचा हा व्यवहार भाषेला जितका सोपा, तितकाच माणसाला महाग. ‘नाकबूल’ हा शब्द मराठीत आहे खरा. पण तो बहुधा आरोपीच्या वाट्याला आलेला आहे.

कायदा याबाबतीत भाषेहून सावध निघाला. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातील तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही राखले. वेठबिगारी नष्ट करणाऱ्या १९७६ च्या कायद्याने तर आगाऊ रकमेपोटी माणसाला वेठीस बांधणारा करार, लेखी असो वा तोंडी, निरर्थक ठरविला.

उचल ठरते ती ‘कोयत्या’वर, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमापुढे ‘कबूल’ म्हणतो तो बहुधा नवरा. मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणाऱ्या बायकोला तो शब्द कोणी विचारलेलाच नसतो.