अवघड कशाला म्हणायचे?

बारावीचा निकाल हाती आला की गोव्यातील घराघरांत एक उतरंड रचली जाते. सर्वांत वर वैद्यकीय, तिच्याखाली अभियांत्रिकी, मग औषधनिर्माणशास्त्र, मग वाणिज्य आणि अगदी तळाशी कला शाखा. (खऱ्या उतरंडीत सर्वांत मोठे मडके तळाशी असते, याचा मात्र येथे विसर पडतो.) ज्याला जितके गुण, त्याने तितक्या वरच्या मडक्याला हात घालावा, असा अलिखित नियम. नव्वद टक्के मिळवलेल्या एखाद्या मुलीने इतिहास घेण्याची इच्छा बोलून दाखवली, तर ‘एवढे गुण वाया घालवणार का?’ असा प्रश्न तिला आप्तांकडून हमखास ऐकावा लागतो. जे वर ते अवघड, जे अवघड ते हुशारांचे आणि आवडीनिवडीचे मागाहून पाहू, हे या नियमामागचे गृहीतक. ते तपासून पाहण्याइतकी उसंत प्रवेशाच्या धावपळीत सहसा कोणाला मिळत नाही. त्याची किंमत मात्र विद्यार्थी पुढे कैक वर्षे मोजत राहतो.

मुळात ‘अवघड’ या एकाच शब्दात आपण निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. एखाद्या शाखेत प्रवेश मिळणे अवघड असते, एखादा विषय समजणे अवघड असते आणि एखादे काम आयुष्यभर रोज करणे अवघड असते. या तिन्हींचा परस्परांशी संबंध वाटतो त्यापेक्षा फार थोडा आहे.

प्रवेशाची गोष्ट घेऊ. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. तेथे चुरस जीवघेणी असते, कारण जागा मोजक्या आणि इच्छुक अगणित. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला १८४२ पासूनच्या वैद्यकीय शिक्षणाचा वारसा आहे. तेथे शिकण्याचे स्वप्न पिढ्यानपिढ्या पाहिले गेले, यात नवल नाही. परंतु जागा थोड्या असणे हे त्या विषयाच्या काठिण्याचे माप नव्हे. शरीररचनाशास्त्रातील कोणतीही एक गोष्ट सुटी काढून समजावली, तर ती सामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याला समजते. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांपैकी एकेकाचे नाव, त्यावरचे उंचवटे, त्याला जोडलेले स्नायू, जवळून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या हे सगळे एकाच वर्षी, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांच्या जोडीने ध्यानात ठेवावे लागते. तेथील काठिण्य राशीचे आहे. शुद्ध गणितात नेमके उलट. पाठ करण्यासारखे तेथे फारसे काही नसते, पण एका पानावरची एक सिद्धता समजायला तीन दिवस लागू शकतात आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळीही ती समजेलच याची शाश्वती नसते. पहिल्या विषयाला दमसास लागतो, दुसऱ्याला कोडे न सुटल्याची अस्वस्थता सोसण्याची ताकद लागते. एका ठिकाणी चमकणारा विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी कोमेजतो, तो यामुळे.

काही अभ्यासक्रमांचे दार अरुंद असते, तर काहींची बाहेर पडण्याची वाट. सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमाला बारावी उत्तीर्ण झालेला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी नाव नोंदवू शकतो. गुणांची रांग नाही, जागांची टंचाई नाही. खरी कसोटी पुढे सुरू होते. प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि गटाच्या एकूण गुणांत किमान ५० टक्के मिळाल्याखेरीज गट उत्तीर्ण होत नाही. एका विषयात ३९ गुण पडले की एरवी संपूर्ण गट पुन्हा द्यावा लागतो. त्याच्या जोडीला दोन वर्षांची उमेदवारी. २०२३ च्या नव्या योजनेपूर्वी ती तीन वर्षांची होती. ‘सीएला कोणीही जाऊ शकतो’ हे वाक्य म्हणूनच खरे असूनही फसवे आहे. वास्तुकलेच्या पाच वर्षांत आणखी निराळा अनुभव येतो. तेथे परीक्षेपेक्षा आराखड्यांचा धसका मोठा. रात्री जागून काढलेला आराखडा सकाळी परीक्षकांसमोर मांडायचा, त्यातील दोष चारचौघांत ऐकायचे आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून आरंभ करायचा. ज्याला आपल्या कामावरची टीका मनाला लागते, त्याच्यासाठी यापेक्षा अवघड अभ्यासक्रम नाही, मग त्याला गणितात शंभरपैकी शंभर गुण का असेनात.

कला शाखा ‘सोपी’ ठरते ती प्रवेश सहज मिळतो आणि अनुत्तीर्ण होणे तुलनेने दुर्मीळ असते म्हणून. हा आरोप पूर्णपणे खोटा म्हणता येणार नाही. मार्गदर्शिका वाचून, अपेक्षित प्रश्नांची उत्तरे घोकून मराठी, इतिहास वा समाजशास्त्र यांची पदवी मिळवता येते आणि अनेक जण ती तशी मिळवतातही. या शाखांचा खरा धोका हाच आहे. विषय विद्यार्थ्याला अडवत नाही. विद्यार्थ्याने स्वतःच थांबून त्याच्याशी झुंजावे लागते. जो झुंजतो त्याला कळते की ‘लीळाचरित्रा’तील तेराव्या शतकाची मराठी वाचणे ही परभाषा शिकण्याइतकीच मेहनत आहे. १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात रोमन लिपीत छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तली मराठी कोणत्या मातीची, तिच्यावर कोकणीची छाया कोठे पडते, इंग्लंडमध्ये जन्मलेल्या एका जेझुइटाने ओवी का निवडली, या प्रश्नांना उत्तरपत्रिकेच्या शेवटी छापलेले उत्तर नसते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपले गणित चुकले हे निदान कळते. निबंध लिहिणाऱ्याला आपला विचार पोकळ आहे हे कोणी सांगेलच असे नाही. स्वतःच्या विचारातील पोकळी स्वतःला दिसू लागणे, हे या शाखांतले सर्वांत कष्टाचे शिक्षण आहे. आणि त्याला गुणपत्रिकेत रकाना नाही.

गोव्यात या सगळ्यावर आणखी एक आवरण चढते, ते भाषेचे. प्राथमिक शिक्षण मराठी वा कोकणीतून घेतलेली असंख्य मुले पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. विज्ञानाची आणि गणिताची खरी ओळख त्यांना इंग्रजीतून होते, आणि नेमक्या त्याच वयात हे विषय अमूर्त होऊ लागतात. परिणामी अनेकांच्या मनात ‘मला विज्ञान जमत नाही’ ही समजूत घट्ट बसते, ज्यात प्रत्यक्षात विज्ञान नव्हे, वाक्यरचना जमलेली नसते. पडताळा घेण्याची एक साधी रीत आहे. जी संकल्पना पुस्तकातून उमगत नाही ती कोणाकडून तरी घरच्या भाषेत समजावून घ्यावी. दहा मिनिटांत डोक्यात उजेड पडला, तर अडसर भाषेचा आहे; तो वर्षभराच्या नेटाने दूर करता येतो. घरच्या भाषेत समजावूनही मन त्या गोष्टीकडे वळत नसेल, तर विषयच आपला नसण्याची शक्यता अधिक. अकरावीला कोणती शाखा घ्यावी याचा निर्णय करताना कितीतरी कुटुंबे या दोन गोष्टींत फरकच करीत नाहीत, ही खेदाची बाब आहे.

आता आवडीचे पाहू. आनंद आणि काठिण्य ही एकमेकांची वैरी आहेत, हा समज सर्वाधिक पसरलेला आहे आणि सर्वाधिक चुकीचाही. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंतमिहायी यांनी तल्लीनतेच्या अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला. ‘फ्लो’ हे त्यांचे पुस्तक १९९० साली प्रसिद्ध झाले. समोरचे आव्हान आणि अंगातले कौशल्य एकमेकांना तोलून धरतात तेव्हा माणूस कामात हरवून जातो, आव्हान फार मोठे असले तर तो धास्तावतो, फार लहान असले तर कंटाळतो, असे त्यांचे सार सांगता येईल. गोव्यात ज्याने तबल्यावर हात बसवला आहे त्याला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. सोपे बोल महिन्यात कंटाळवाणे होतात. न पेलणारी लय पाट सोडून उठायला लावते. मधल्या जागेत तासांचा हिशेब राहत नाही. म्हणून ‘सोपे घे, सुखात राहशील’ हा सल्ला ‘अवघड घे, नाव काढशील’ या सल्ल्याइतकाच निरुपयोगी आहे.

विषयाची आवड आणि त्या विषयातून मिळणाऱ्या कामाची आवड या दोहोंत अंतर असते, हेही पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या ध्यानी उशिरा येते. राज्यघटनेवरची व्याख्याने ऐकताना रंगून जाणारा कायद्याचा विद्यार्थी वकील झाल्यावर दिवसाचा बराच भाग तारखांची वाट पाहण्यात, कागदपत्रे जुळवण्यात आणि अशिलाची समजूत काढण्यात घालवतो. दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्यामुळे समुद्र आणि जहाजे यांचे आकर्षण वाटणाऱ्या मुलांची राज्यात वाण नाही. समुद्रशास्त्रज्ञाच्या वाट्याला जहाजावरचे दिवस थोडे येतात. गोळा केलेल्या नमुन्यांसमोर आणि संगणकावरील आकड्यांसमोर काढायचे महिने त्याहून कितीतरी अधिक असतात. हॉटेल व्यवस्थापन शिकणाऱ्याला स्वयंपाकघराची ओढ असेल, पण नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत, जेव्हा गावातले सवंगडी मौज करीत असतात, तेव्हाच त्याला चौदा-चौदा तास उभे राहावे लागेल. हे ठाऊक असूनही ज्याचा उत्साह मावळत नाही, त्याने ते क्षेत्र अवश्य निवडावे.

घरच्यांच्या इच्छेने घेतलेला आणि मग सोडून दिलेला अभ्यासक्रम म्हणजे वाया गेलेले आयुष्य, ही भीतीही तपासून घेण्यासारखी आहे. मारिओ मिरांडा यांनी मुंबईत इतिहासाची पदवी घेतली, घरच्यांच्या आग्रहाने वास्तुकलेचा अभ्यास सुरू केला आणि त्यात मन न रमल्याने तो अर्ध्यावर टाकला. चार्ल्स कुरैय्या यांनी वास्तुकलेतच आयुष्य घालवले. पणजीतील कला अकादमीची वास्तू कुरैय्या यांची आणि तिच्या नाट्यगृहाच्या भिंतींवरचे प्रेक्षक मारिओंच्या रेषांतले.

सरकारी नोकरीचा उल्लेख टाळून गोव्यातील ही चर्चा पुरी होऊ शकत नाही. निश्चित वेतन आणि निवृत्तीपर्यंतची शाश्वती यांचे मोल कमी लेखणे हा पोटापाण्याची चिंता नसलेल्यांचा शहाणपणा आहे. मात्र शाश्वत काम म्हणजे नीरस काम, असेही समजू नये. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एमी रेझनेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकाच प्रकारचे काम करणारे कार्यालयीन साहाय्यकही जवळपास सारख्या तीन गटांत विभागलेले आढळले. काहींच्या लेखी ते केवळ पगाराचे साधन होते, काहींच्या लेखी बढतीची पायरी, तर काहींच्या लेखी स्वतःमध्येच अर्थपूर्ण असे कार्य. टेबल तेच, फाइली त्याच.

अर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने काय करावे? गुणवत्ता यादीत झळकलेल्यांचे सत्कारातले भाषण ऐकण्यापेक्षा दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एखाद्या मध्यम विद्यार्थ्याला गाठावे आणि त्याला मागचा साधा मंगळवार कसा गेला ते विचारावे. किती तास वर्ग, किती तास प्रयोगशाळा, घरी आल्यावर कशात डोके घातले, कशाचा वीट आला. अभ्यासक्रमाची पत्रिका आणि मागील दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका डोळ्यांखालून घालाव्यात. प्रश्न समजले नाहीत तरी चालेल. त्यांची उत्तरे जाणून घ्यावीशी वाटतात का, एवढेच पाहावे. गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम सुरू झाले आहेत. त्यात तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी अशी सोय आहे, तसेच मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषयही घेता येतो. हा दुय्यम विषय निवडताना बहुतेकांचे लक्ष सोयीच्या वेळापत्रकाकडे आणि मित्रांच्या पसंतीकडे असते. घरच्यांशी मुख्य विषयावरून तडजोड करावी लागली असेल, त्यांनी तरी हा रकाना घाईने भरू नये.