बफेलो बिल्स : विजेतेपदानंतरची सतरा वर्षं

अमेरिकेतल्या बार्बरशॉप गायनाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चौघांच्या क्वार्टेटला विजेतेपद एकदाच मिळतं. जिंकलेला संघ पुन्हा स्पर्धेत उतरू शकत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या ‘बफेलो बिल्स’नी हा मान १९५० साली ओमाहा इथे पटकावला. संघ जमला होता १९४७ मध्ये. तीन वर्षांत शिखर सर झालं. तरीही त्यांचं खरं कर्तृत्व त्यानंतरचं आहे.

या गायनात साथीला एकही वाद्य नसतं. ‘लीड’ मूळ चाल गातो, ‘टेनर’ तिच्या वर हलका सूर धरतो, ‘बास’ खालून आधार देतो. उरलेला सूर ‘बॅरिटोन’च्या वाट्याला येतो. तो कधी लीडच्या वर असतो, कधी खाली. एकटा ऐकला तर त्यात गाणं सापडतही नाही. पण तो जागेवर बसला की चौघांचे सूर एकजीव होतात आणि त्यांच्यापैकी कुणीही न गायलेला एक वरचा सूर कानी पडतो. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हा अनुभव वेगळा समजावून सांगायला नको.

टेनर व्हर्न रीड, लीड अल शे आणि बास बिल स्पँगेनबर्ग ही बिल्सची पक्की मंडळी. शे बफेलोच्या पोलीस दलात नोकरी करत होता. बॅरिटोन मात्र दोनदा बदलला. १९४८ मध्ये हर्शेल स्मिथच्या जागी डिक ग्रेप्स आला आणि दोन वर्षांनी स्पर्धा जिंकली. १९५७ मध्ये वेन ‘स्कॉटी’ वॉर्ड आला आणि संघ ब्रॉडवेवर पोहोचला. मधला एक सूर बदलला की जुन्या तिघांनाही आपला आवाज नव्याने बेतावा लागतो. बिल्सनी ते दोन्ही वेळा करून दाखवलं, हे मला त्यांच्या विजेतेपदाहून मोठं वाटतं.

१९ डिसेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक थिएटरात मेरेडिथ विल्सन यांच्या ‘द म्युझिक मॅन’चा पडदा उघडला. बिल्सना भूमिका होती एकमेकांशी सतत भांडणाऱ्या स्कूल बोर्डाच्या चार सदस्यांची. गावात आलेल्या तोतया बँडमास्तराकडे ते प्रमाणपत्रं मागायला जातात. तो त्यांना सूर लावून देतो, चौघं गाण्यात रंगतात आणि प्रमाणपत्रं मागायची राहून जातात. नाटकात भांडण मिटवण्याचं काम खुद्द हार्मनी करते, आणि ते पटतं, कारण गाणारे चौघे अस्सल होते. नाटकाचे १,३७५ प्रयोग झाले. १९६२ च्या चित्रपटातही हेच चौघे होते. आर्थर गॉडफ्रे यांच्या रेडिओ कार्यक्रमामुळे त्यांचा आवाज घरोघरी गेला.

त्यामुळे बार्बरशॉप म्हटलं की जुन्या छोट्या गावातले गोरे पुरुष, हे चित्र लोकांच्या मनात पक्कं बसलं. ते अपुरं आहे. या गायनाची मुळं कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, नाक्यांवर आणि त्यांच्या केशकर्तनालयांत आहेत. लहानपणी लुई आर्मस्ट्राँगही न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर असाच चौघांत गात असे. बिल्सनी जिंकलेली स्पर्धा भरवणाऱ्या, १९३८ मध्ये टल्सात स्थापन झालेल्या संस्थेनं मात्र १९४१ साली ‘ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स’ या कृष्णवर्णीय हमालांच्या क्वार्टेटला राष्ट्रीय स्पर्धेत गाऊ दिलं नाही. न्यूयॉर्कची स्पर्धा जिंकून ते तिथवर आले होते. निषेध म्हणून न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि शहराचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी संस्थेचा राजीनामा दिला. वर्णाची अट जायला १९६३ साल उजाडलं. स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व मिळालं ते २०१८ मध्ये.

१९६३ मध्येच स्पँगेनबर्ग गेला. जिम जोन्सनं बास सांभाळला आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शेवटचा कार्यक्रम करून बिल्स थांबले. पुढच्याच वर्षी अल शेही गेला.

हौशी गाण्याला व्यावसायिक रंगभूमीवर मानानं उभं करणं, हे बिल्सचं ऋण नि:संशय मोठं आहे. पण त्यांचा इतिहास सांगताना रेड कॅप्सचं नाव गाळू नये. बिल्सनी ज्या मंचावर विजेतेपद मिळवलं, तो १९५० साली सर्वांसाठी खुला नव्हता, आणि हे सांगितल्यानं त्यांच्या गाण्याची गोडी तसूभरही कमी होत नाही.