आज पाचशे की महिन्याने सहाशे?

आज पाचशे रुपये घ्याल की महिन्याने सहाशे? बरेच जण म्हणतील, आजच द्या! आता प्रश्न जरा बदलू. वर्षाने पाचशे की तेरा महिन्यांनी सहाशे? 'एवढं थांबलोच, तर अजून एक महिना' असं वाटतं ना? दोन्हीकडे फरक शंभराचाच, थांबायचंही महिनाभरच. मग मत का फिरलं?

कारण उशिरा मिळणाऱ्या गोष्टीची किंमत मेंदू कमी धरतो आणि 'आत्ता'चं 'नंतर' झालं की ती झपकन उतरते. २००४मध्ये मेंदूच्या स्कॅनवरून काही संशोधकांनी म्हटलं, की लगेचचं बक्षीस हवं असणारा भाग वेगळा आणि सबुरीचा वेगळा. २००७मध्ये जोसेफ केबल आणि पॉल ग्लिमचर यांना दिसलं, की तेच भाग उशिराच्या पैशांचीही किंमत करतात. म्हणजे तराजू एकच. उद्याचं वजन कुणाला थोडं कमी भरतं, कुणाला खूप.

आपल्या वसईची सुकेळी आठवा. पिकलेली राजेळी केळी तशीच विकून मोकळं होता येतं. तरी ती सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवली जातात. ऊन पडेल आणि गिऱ्हाईक येईल, हा भरवसा असतो म्हणूनच ना?

हा भरवसाच कळीचा. सेलेस्ट किड यांच्या २०१३च्या अभ्यासात लहान मुलांना सांगितलं होतं, थांबलात तर एकाऐवजी दोन मार्शमेलो. ज्यांना आधी दिलेला शब्द मोठ्यांनी पाळला होता, ती सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं, ती जेमतेम ३.

तेव्हा नालासोपाऱ्यातला मित्र कॉलेज सोडून डिलिव्हरीला लागला, तर त्याला लगेच 'धीर नाही' म्हणू नका. डिग्रीनंतर नोकरीचा भरवसा नसेल, तर रोजची कमाई जड भरणारच. त्याला उपदेश नको; मुक्त विद्यापीठाची, शिष्यवृत्तीची पक्की माहिती काढून द्या.

आणि तुमचं काय? २०१०च्या एका प्रयोगात, पुढचा ठरलेला प्रसंग डोळ्यांसमोर आणल्यावर लोक जास्त थांबायला तयार झाले. म्हणून नुसतं 'करिअर' म्हणू नका. पहिल्या पगाराच्या दिवशी घरी काय न्याल, ते ठरवा. मोबाइल बॅगेत तळाशी टाका. आणि विरार लोकलमध्ये बोरिवली येईपर्यंत एकच टॉपिक उरका. उद्याचं बक्षीस तेवढंच जवळ येईल.