चिमणीचे खोके साफ करताना

दिवाळीची साफसफाई झाली की आमच्या ओपीडीत खोकणाऱ्यांची रांग वाढते. बहुतेकांचे कारण साधे असते, माळ्यावरची धूळ. काही वर्षांपूर्वी आलेल्या पन्नाशीच्या एका बाईंचे तसे नव्हते. त्यांना संध्याकाळी थंडी वाजून ताप यायचा, कोरडा खोकला आणि दम लागायचा. एक-दोन दिवसांत आपोआप बरे वाटायचे आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. अँटिबायोटिक्सचे दोन कोर्स झाले होते. घरात पक्षी पाळलेत का, या प्रश्नाला उत्तर ‘नाही’. तिसऱ्या भेटीत सहज बोलताना कळले, की गॅलरीत चिमण्यांसाठी लाकडी खोकी टांगली आहेत, वरच्या पत्र्यावर कबुतरे बसतात आणि बाई सकाळी हे सगळे झाडूने खरवडून काढतात.

पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेत आणि पिसांच्या भुकटीत काही प्रथिने असतात. ती वारंवार श्वासातून गेली की काही जणांची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर चिडते आणि फुफ्फुसाला आतून सूज येते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. धुळीशी संबंध आल्यानंतर साधारण चार ते आठ तासांनी त्रास सुरू होतो, म्हणून सकाळच्या झाडूचा आणि संध्याकाळच्या तापाचा मेळ कोणी घालत नाही. हा जंतुसंसर्ग नव्हे, त्यामुळे अँटिबायोटिक्सचा उपयोग नाही. वर्षानुवर्षे असेच चालू राहिले, तर फुफ्फुसावर कायमचे व्रण पडतात आणि ते मागे फिरत नाहीत.

यात मुख्य दोष कबुतरांचा. चिमणीच्या खोक्याचे भोक सव्वा इंचाचे, त्यात कबूतर शिरत नाही. ते छपरावर बसून घाण करते. त्यामुळे घाबरून खोके काढून टाकू नका. फक्त कोरडा झाडू लावू नका, एवढीच विनंती.

थंड देशांत हिवाळ्यापूर्वी खोकी रिकामी करायचा हंगाम ठरलेला असतो. आपल्याकडे चिमणी जवळजवळ वर्षभर अंडी घालते, एकाच खोक्यात अनेकदा. म्हणून कॅलेंडर पाहू नका, खोके पाहा. चोचीत गवत किंवा किडा घेऊन ये-जा चालू असेल, आतून चिवचिव येत असेल, तर हात लावू नका. पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दोन आठवड्यांत उडून जातात; दिवाळी तेवढी थांबू शकते.

खोके रिकामे असल्याची खात्री झाली, की एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. ओढणी किंवा रुमाल पुरत नाही. आधी साबणाचे पाणी फवारून जुने गवत, विष्ठा पूर्ण भिजू द्या. पाच-दहा मिनिटांनी ओलेच काढून पिशवीत बांधा. मग ब्रशने घासा, हवे तर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी वापरा. नंतर भरपूर पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. कीटकनाशकाचा फवाराही नको. जुन्या घरट्यात माइट्स, म्हणजे गोचिडीच्या कुळातले बारीक जीव असतात. पिल्ले उडाली की ते भुकेने घरात शिरतात आणि माणसांना चावतात. अंगावर अचानक खाजरे पुरळ उठण्याचे ते एक कारण. त्यांच्यासाठी उकळते पाणी पुरते.

पुठ्ठ्याचे खोके असेल तर फेकूनच द्या. लाकडी खोके लगेच टांगावे, कारण थंडीत रात्री चिमण्या त्यात आसऱ्याला येतात. काढून ठेवायचेच असेल तर पूर्ण वाळल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळा. ओलसर खोके प्लॅस्टिकमध्ये बांधले की बुरशी धरते.

ज्यांना आधीच दमा आहे, किंवा पक्ष्यांच्या धुळीने एकदा त्रास झाला आहे, त्यांनी मास्क घालूनही हे काम करू नये. त्या बाईंनी गॅलरीला जाळी बसवली आणि खोकी मागच्या जिन्याच्या भिंतीवर हलवली. आता साफसफाई त्यांचा मुलगा करतो. बाई दार लावून आतून सूचना देतात.